उशाकडचं स्टूल

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी कोणीही विश्वास ठेवणार नाही, आणि न ठेवलेलाच बरा. जो पहिल्या घासालाच मान डोलावतो त्याला गोष्ट सांगण्यात काय मजा? तर ऐका. एका सात वर्षांच्या पोराच्या छातीला यंत्र लावून मी त्याच्या पोटातल्या माशाचे काटे मोजले आहेत. एकशे ब्याऐंशी भरले.

"मागच्या वेळी एकशे साठ होते," रान्नू म्हणाली. हॉस्पिटलच्या फाटकासमोर तिची चोतोची टपरी आहे. गाईच्या मांसाचा तो रस्सा ती दिवसभर ढवळत असते, आणि माझ्या गोष्टीत मीठ जास्त पडलं की ते सगळ्यांच्या आधी तिला कळतं.

"मागच्या वेळी मी घाईत होतो. मोजणी पुरी झाली नव्हती."

तीनचाकी चालवणारा सिबाली खो खो हसला. बाकाच्या टोकाला एक मासेवाला टोपली पायाशी ठेवून जेवत होता, तोही हसला. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. लांबचा माणूस मी टोपीवरून ओळखतो, आणि ही टोपी ओळखीची नव्हती. नवा कान म्हणजे नवं कोरं ताट. मी सरसावून बसलो.

त्या नव्या माणसासाठी सांगतो. मी दाएंग नाबा. समोरच्या हॉस्पिटलात एकोणचाळीस वर्षं भुलीचा ब्रदर होतो. ऑपरेशनच्या टेबलाला सर्जन इकडून उभा राहतो, नर्स तिकडून, पण पोराच्या उशाकडे एक उंच लाकडी स्टूल असतं. त्या स्टुलावर बसतो त्याच्या हातात पोराचा श्वास. सर्जनचा हात चुकला तर टाका उसवून पुन्हा घालता येतो. उशाकडचा चुकला तर चार-पाच मिनिटांत सगळं आटोपतं. लहान पोरांची श्वासनळी केवढी असते ठाऊक आहे? पपईच्या पानाचं देठ असतं ना पोकळ, तेवढी. त्यात जरा सूज आली, जरा शेंबूड अडकला, की संपलं.

आणि माझ्याकडे कान होता. छातीवर चिकटवायची एक जड चकती, तिला रबरी नळी, आणि नळीच्या टोकाला माझ्या उजव्या कानाच्या मापाचं गुलाबी बोंडूक. दात बसवणाऱ्या आ-फुककडून करून घेतलं होतं, कवळीच्या मसाल्याचं. दुसऱ्या कोणाच्या कानात ते जायचंच नाही. ते कानात घातलं की पोराचं काळीज आणि श्वास माझ्या डोक्यात चालायचे. डुलकी लागली तरी श्वास बदलला की मी जागा.

"डुलकी लागायची म्हणजे?" सिबाली म्हणाला.

"गप रे. रस्सा पी."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना बेटाच्या पार उत्तर टोकाच्या मानादो शहरातून ती आली. डॉक्टर लासुत. भुलीची मोठी परीक्षा पास झालेली, त्यात मुलांच्या भुलीचं खास शिक्षण. वय एकतीस. म्हणजे मी स्टुलावर बसलो त्या वर्षी ती पाळण्यात होती.

तिने माझं काही वाईट केलं असतं तर बरं झालं असतं. केलं नाही. पहिल्याच दिवशी मला वाकून "दाएंग, तुमच्याकडून खूप शिकायचंय" म्हणाली, आणि त्याच दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. मी बायकोला सांगायचो, जठराचं दुखणं आहे. ती म्हणायची, "हो, आणि जठर मानादोचं आहे."

पोरं मास्क तोंडावर घेत नाहीत, रडतात, म्हणून मी मास्कला आतून पांदानच्या सुवासिक पानांचा अर्क लावायचो. आपल्या खिरीत घालतो तोच. पोरं थोडं रडायची, मग मास्क घ्यायची. हिने एक बाटली आणली, स्ट्रॉबेरीच्या वासाची. या गावात एकाही पोराने स्ट्रॉबेरी पाहिलेली नव्हती! तरी मास्क हातात घेऊन पोरं स्वतःच फुंकायला लागली. न पाहिलेल्या फळाशी माणसाने कसं भांडावं?

नळी कोणत्या मापाची घालायची ते मी पोराची करंगळी बघून ठरवायचो. डॉक्टरबाई वयाला चाराने भागून त्यात चार मिळवायची. पहिल्या आठवड्यात अकरा पोरं झाली. अकराही वेळा माझी करंगळी आणि तिचा भागाकार एकाच मापावर आले. चुकली असती तर मी तिला केव्हाच माफ केलं असतं.

तान्ह्या पोरांचं डोकं मोठं, उताणं निजवलं की हनुवटी छातीला टेकते आणि नळी मुडपते. त्यासाठी मी वीस वर्षं बायकोच्या जुन्या सारोंगची घडी त्यांच्या खांद्याखाली घालत आलो. कोणी बघितलं? हिने टॉवेलची वळकटी घातली तर नर्सा म्हणतात, "बाई, किती नीटस!"

"म्हणजे तुम्ही जळत होता," रान्नू म्हणाली.

"जळत नव्हतो. धुमसत होतो. जळणाऱ्याचा उजेड तरी पडतो."

मग एक दिवस मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावलं. म्हणाले, दोघे मिळून एकच पोर बघता, हे किती दिवस चालायचं? हा आठवडा मी बघतो. शनिवारी ठरवू, मुलांच्या टेबलाचं स्टूल कोणाचं. दुसऱ्याने मोठ्या माणसांना भूल द्यायची. मोठी माणसं! ज्यांची श्वासनळी बागेच्या पाइपाएवढी! त्यात काय कसब? मला वाटलं, माझ्या हातातली करंगळीच कोणीतरी कापून नेतंय.

त्याच आठवड्यात ते पोर आलं. किनाऱ्याकडच्या गावचं, सात वर्षांचं, टॉन्सिल काढायचे. गुरुवारची सकाळ, पहिलंच ऑपरेशन, आणि त्या दिवशी स्टूल माझं. डॉक्टर लासुत शेजारी उभी. पोराच्या कागदावर लिहिलेलं: पुआसा. म्हणजे उपास. भूल द्यायच्या आधी पोट रिकामं हवं, नाहीतर भुलीत अन्न वर येतं आणि घशातून थेट फुप्फुसात उतरतं. आदल्या दिवशी वॉर्डातल्या नर्सने आईला बजावलं होतं, "उद्या सकाळी पोराला पुआसा हं." आईने मान डोलावली होती.

आता खरी गंमत. पोराला डॉक्टरबाईने विचारलं, "पुआसा केलास ना?" पोर छाती काढून म्हणालं, "केला!" ती म्हणाली, "शाब्बास," आणि मास्ककडे हात नेला. मी मात्र चकती त्याच्या छातीला लावून बसलेलो. आणि माझ्या या कानात, खोटं बोलत असेन तर या बाकावरून पडेन, मला पाण्यात सळसळ ऐकू आली. श्वासाच्या मागे, काळजाच्या खाली, पोटात. मासा! भाजलेला बोलू मासा. त्याच्यासारखे काटे दुसऱ्या कोणाला नाहीत. मी मोजायला लागलो.

"एकशे ब्याऐंशी," सिबाली म्हणाला.

"आणि दोन वाट्या भात. तो निराळा वाजतो. तेव्हा मी म्हटलं, थांबा! आणि पोराला विचारलं, 'बाळ, पुआसा केलास, पण सहूर किती वाजता खाल्लंस?'"

टपरीत सगळे एकदम "अगं आई गं" म्हणाले. आपल्याकडे पुआसा म्हटलं की आई पहाटे उठते, सूर्य उगवायच्या आत पोराला पोटभर खाऊ घालते, त्याला सहूर म्हणतात, आणि मग सूर्य बुडेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. रमजान असो नसो, उपास म्हणजे हाच. नर्सने सांगितलं उपास, आईने केला उपास. बिचारी साडेतीनला उठली असेल. ऑपरेशन आहे, अंगात ताकद हवी, म्हणून रोजच्यापेक्षा जास्तच वाढलं असेल. पोर म्हणालं, "चार वाजता! दोनदा भात घेतला!" तेव्हा वाजले होते साडेसात.

"मेलंच असतं की हो पोर," रान्नू म्हणाली. तिचा डाव पातेल्यात थांबला होता.

"मेलंच असतं. मी ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर ढकललं. डॉक्टरबाई भिंतीएवढी पांढरी पडली."

"पण दाएंग," सिबाली म्हणाला, "कशावरून तुम्हीच विचारलंत?"

"अरे, अक्कल वापर. ती मानादोची. दर रविवारी चर्चला जाणारी. तिला सहूर कशाशी खातात ते काय ठाऊक? हा प्रश्न आपल्यातल्याच माणसाला सुचणार."

सिबालीने मान हलवली. मुद्दा बिनतोड होता. मासेवालाही जेवायचा थांबून माझ्याकडे बघत होता. नवं ताट चांगलं चाललं होतं. मी पुढचा घास वाढला.

शुक्रवारी तेच पोर, रिकाम्या पोटी. त्या दिवशी स्टूल तिचं. मी बाजूला उभा, पण बोंडूक माझ्या कानात आणि चकती पोराच्या छातीवर. तेवढं कोणी काढून घेऊ शकत नव्हतं. भूल झाली, नळी बसली, टॉन्सिल निघाले, रक्त थांबलं. सगळं लोण्यासारखं. मी उभ्या उभ्या अल्लाकडे काही मागितलं नाही, पण खरं सांगतो, मागायला तोंड उघडलं होतं. एक छोटीशी चूक. पोराला लागेल अशी नको. फक्त दिसेल अशी.

तिने नळी काढली. आणि माझ्या कानात एकदम काही नाही.

काळीज चालू, श्वास बंद. पोराची छाती आत खेचली जाते आहे, पोट वर येतं आहे, पण हवा जात नाही. घशातले ते दोन पडदे असतात ना, आवाजाचे, ते असे मिटले होते, जशी चिडलेली शिंपली मिटते. मशीन अजून गोड सुरात पिक पिक करत होतं. त्याला कळायला वीस सेकंद लागतात. माझा कान मशीनच्या आधी होता, एवढं तरी लिहून ठेवा कोणीतरी.

मी तिला बाजूला केलं नाही. तेवढा वेळच नव्हता. तिचे हात पोराच्या तोंडावर मास्क दाबून होते, त्यांच्यावरूनच माझी मधली बोटं पोराच्या कानांच्या पाळीमागे गेली. तिथे हाडाच्या कडेला एक खळगा असतो. तिथे जोरात दाबायचं आणि जबडा पुढे उचलायचा, जसं फुगून अडकलेलं दार जरा वर उचलून उघडतात. पिक पिकचा सूर उतरायला लागला. खाली, आणखी खाली. पोराचे ओठ जांभळाच्या रंगाचे. ती मास्क दाबत होती आणि मी खळगा.

मग कानात एक आवाज आला. कोंबडीचं पिल्लू अंड्यातून करतं तसा, बारीक, चिडका. चीं. पाठोपाठ हवा.

"तिचे हात थरथरत होते?" रान्नूने विचारलं.

"थरथरत होते." मी चहाचा घोट घेतला. "थोडे. कोणाचे ते सांगता येत नाही, चारही एकावर एक होते."

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण गोष्ट चढली की मला उतरता येत नाही.

"शनिवारी मोठे डॉक्टर म्हणाले, नाबा, पोराला दोनदा वाचवलंस. एकदा प्रश्न विचारून, एकदा बोटांनी. स्टूल तुझंच."

"मग शेवटची आठ वर्षं तुम्ही म्हाताऱ्यांच्या हर्नियाला का बसायचात?" सिबालीने विचारलं. "माझ्या बापाला तुम्हीच भूल दिली होती."

"मी दिलं तिला. दान. म्हटलं, बाई, बस. शिक. ती रडली. माझे पाय धरले. आणि ते पोर! त्याची आई दर ईदला माझ्याकडे केक पाठवते. ते पोर आज जकार्तात विमान चालवतं. एवढं मोठं विमान! वर उडताना लोकांना सांगतं, मी हवेत आहे तो दाएंग नाबांमुळे. मी स्वतः ऐकलंय."

बाकाच्या टोकाला मासेवाल्याने ताटली खाली ठेवली. हात धुतले, टोपी काढली आणि माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. इतका जवळ, की मोतीबिंदूतूनही मला त्याच्या गळ्याची घाटी हलताना दिसली.

"विमान नाही, दाएंग," तो म्हणाला. "तीनचाकी टेम्पो. किनाऱ्यावरून मासे आणतो. मी सापारुद्दीन. आई केक पाठवते, पण तो डॉक्टर लासुतना. मीच नेऊन देतो."

रान्नूने तोंडावर ओढणी घेतली. सिबाली बाकावर आडवा झाला.

"शुक्रवारचं मला काही ठाऊक नाही," मासेवाला म्हणाला. त्याने दोन्ही बोटं स्वतःच्या कानांमागे नेली आणि हळूच दाबली. "मी झोपलो होतो. इथे मात्र आठ दिवस दुखत होतं, ती बोटं तुमचीच असणार. ते तुम्ही सांगाल तसं. पण गुरुवारी मी जागा होतो. पुआसा केलास का, हे तुम्ही विचारलंत. शाब्बास तुम्ही म्हणालात, गालगुच्चा घेतलात आणि मास्क उचललात. त्या बाई मधे आल्या. म्हणाल्या, 'मी मानादोची आहे रे, मला तुमच्यातलं काही कळत नाही. पुआसा कसा करतात ते मला सांग की, अगदी उठल्यापासून.' आणि मी सांगितलं."