रोज रिकामा येणारा डबा

मित्रांनो, माझं झाकण उघडण्याआधी हात धुतलेत ना? विचारून घेतलेलं बरं. मी एक जुना, चार कप्प्यांचा स्टीलचा डबा आहे आणि संशय माझ्या स्वभावातच आहे. गुलमंडीच्या बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात गोजरबाईंनी मला विकत घेतलं, तेव्हा चार वेळा वाजवून पाहिलं, उजेडात धरलं, कडी ओढून बघितली. त्यांचाच गुण मला लागला असणार. मग झाकणावर नवऱ्याचं नाव कोरून घेतलं, ‘कचरू’, आणि मला फुलंब्रीला घरी आणलं.

कचरू चिकलठाण्याच्या एका कारखान्यात क्रेन चालवतो. अठरा वर्षं मी त्याच्याबरोबर बसनं जातो-येतो. पूर्वी माझी काय ऐट होती! एका कप्प्यात मटणाचा लालभडक रस्सा, दुसऱ्यात उकडलेली अंडी, तिसऱ्यात भात, वर भाकरी. जेवणाच्या सुट्टीत सगळे गोल करून बसत आणि माझी कडी निघाली की चारी बाजूंनी हात येत. “कचरूभाऊचा डबा म्हंजी डबा!” असं लोक म्हणायचे, आणि कचरू मिशीत हसायचा.

गेल्या उन्हाळ्यात क्रेनचा जिना चढताना त्याला धाप लागली. कंपनीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर वाढलेली, चरबीही वाढलेली. डॉक्टर म्हणाले की मटण पूर्ण सोडायची गरज नाही, पण फक्त रविवारी खा, तेही लहान वाटीत. बाकी दिवस ताटात डाळी, उसळी, पालेभाज्या आणि भाकरी असू द्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. आकडे असेच राहिले तर क्रेनवरून खाली उतरवावं लागेल. त्या रात्री कचरू जेवलाच नाही. क्रेन म्हणजे त्याचा जीव आहे.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या पोटात अंबाडी, तांदुळजा, मटकीची उसळ, हुलग्याचं पिठलं आणि जवसाची चटणी येऊ लागली. मला ते पाहून शंका आली. असल्या पालापाचोळ्यावर क्रेन चालते होय? पण गोजरबाई पहाटे उठून भाजी निवडायच्या, उसळीला मोड नीट आलेत का ते फडकं उघडून पाहायच्या. एवढी मेहनत मी रश्श्याच्या काळातही पाहिली नव्हती.

संध्याकाळी मी घरी यायचो तो अगदी लख्ख. गोजरबाई कप्पे एकेक करून उघडत आणि डोळे बारीक करत.

“येवढं सगळं खाल्लं तुमी? अंबाडी सुदिक?”

“मंग! चाटूनपुसून खाल्लं.”

“खरं सांगा.”

“आता डब्यालाच इचार की!”

मित्रांनो, त्यांनी मला विचारलं असतं तर किती बरं झालं असतं! मला सगळं ठाऊक होतं. जेवायला बसण्याआधी हात धुवायच्या नळापाशी कचरू मला गोकुळच्या हातात द्यायचा आणि त्याचा डबा आपण घ्यायचा. गोकुळ त्याच्याच खात्यातला. घरचे बिडकीनला, हा कारखान्याजवळ खोली करून एकटाच राहतो. त्याचा डबा खानावळीचा, रोज चिकन नाहीतर अंडाकरी, वर बोटभर तेल. कचरू तेच खायचा. बाकीचे गोकुळला “काय रं, आज पाला का?” म्हणून चिडवत, आणि तो नाव कोरलेलं झाकण पालथं ठेवून, मान डोलवत भाकरीचा तुकडा मोडायचा. मला त्याचाही संशय यायचा. नाव कचरूचं आणि जेवतोय हा! माणूस दुसऱ्याची भाजी इतक्या आनंदानं खातो म्हणजे काहीतरी डाव असणार, असं मला वाटे.

तीन महिने झाले. तपासणी झाली. कचरूचे आकडे खाली आले नव्हते, उलट थोडे चढले होते. त्याला क्रेनवरून उतरवून गोदामात बसवलं.

गोजरबाईंनी अहवालाचा कागद उलटसुलट करून पाहिला. मला वाटलं, आता त्या नवऱ्याला धारेवर धरतील. पण त्या ओट्याशी उभ्या राहिल्या आणि मुलगी मेघा हिला म्हणाल्या, “पोरी, माज्या हातालाच गुण नाय. काय तरी चुकीचं शिजवलं मी.” आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. कचरू उंबऱ्यात उभा होता. त्यानं ऐकलं आणि तो चपला घालून बाहेर निघून गेला. आतून मी इतका तापलो की काय सांगू! अठरा वर्षांत मला त्याचा असा राग कधी आला नव्हता.

रविवारी गोकुळ पेरू घेऊन घरी आला. कचरूला धीर द्यायला आला होता बिचारा.

“वैनी, तुमचे लई उपकार,” तो बसता बसता म्हणाला. “माजीबी साखर वाढली व्हती. आता एकदम ठीक आलीया. पोटबी साफ ऱ्हातं, वजन चार किलो उतरलं. डॉक्टर म्हनले, काय खातो? म्या म्हनलं, कचरूभाऊचा डबा.”

गोजरबाईंनी हातातला पेरू खाली ठेवला. गोकुळला काय बोललो ते कळलं आणि त्याचा चेहरा उतरला.

गोजरबाई नवऱ्याकडे वळल्या. “का वो?”

“लाज वाटायची,” कचरू खाली बघत म्हणाला. “सगळ्यांम्होरं भाजीचा डबा उघडला तर म्हनतील, कचरू म्हातारा झाला, आजारी पडला.”

“आन् मी जलमभर सोताला दोष देत ऱ्हायले असते तरी चाललं असतं?”



सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कचरूनं मला सगळ्यांच्या मधोमध ठेवलं आणि स्वतःच्या हातानं कडी काढली. कुणीतरी हसलं. “हसा,” तो म्हणाला, “पन हात लांब ठिवा. ह्ये माजं हाय.” आणि त्यानं तांदुळज्याचा पहिला घास घेतला.

पुढची तपासणी अजून व्हायची आहे. तोवर मी कचरूवर विश्वास ठेवणार नाही, रोज त्याचा प्रत्येक घास मोजणार आहे. आता तुमच्याकडे बघतो, मित्रांनो. तुमच्या डब्यातली भाजी तुम्हीच खाता ना? की कुणाला देऊन, डबा विसळून, घरी “संपवली” म्हणून सांगता? तुमचा डबा बोलत नाही. पण तुम्हाला बरं वाटत नसलं की घरी कुणीतरी ओट्याशी उभं राहून विचार करत असतं, माझं काय चुकलं?