कूलरच्या पलीकडची जागा

शर्यतीच्या गाडीत तेलाचं तापमान मोजणारा सेन्सर बसवायला जागा दोन. एक इंजिनाखालच्या चेंबरमध्ये, जिथे तेल खरोखर तापतं. दुसरी कूलरच्या पलीकडच्या पाइपात, जिथे ते गार होऊन बाहेर पडतं. दादाला हा फरक ठाऊक नव्हता असं कुणी म्हणू नये. उभी हयात इंजिनं उघडण्यात गेली होती त्याची.

पण गेल्या मोसमात चेंबरमधल्या सेन्सरने त्याची पार शोभा केली होती. जरा गाडी ताणली की तापमानाचा काटा लाल पट्ट्यात. शेजारच्या गाळ्यातले मेकॅनिक मुद्दाम डोकावून विचारायचे, "काय रे, तुझ्या इंजिनावर अंडी उकडून घेऊ का?" दादा हसल्यासारखं करायचा आणि आतल्या आत जळायचा. काटा खरं तेच सांगत होता, कूलर लहान पडत होता. या खेपेला दादाने कूलर बदलला नाही, सेन्सरची जागा बदलली. कुणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

काटा एकदम शहाण्यासारखा वागायला लागला. गाडी चालवायची दादाची धाकटी बहीण. तिला तर आकाश ठेंगणं झालं. "बघा दादाचं इंजिन! घामसुद्धा फुटत नाही त्याला," असं ती गाळ्यागाळ्यांतून सांगत सुटली. दादाने ते कौतुक गिळलं. वर गोडही लागलं त्याला.

आज शेवटच्या फेरीत इंजिन जाम झालं. चेंबर उघडलं तर तेलाचं डांबर झालेलं, बेअरिंगचा चुरा. गाडीचा मालक तिच्यावरच उखडला.

"काटा लाल पट्ट्यात गेला की ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, किती वेळा सांगितलंय! पुढच्या मोसमात या गाडीत दुसरा कुणी बसेल."

"काटा लाल पट्ट्यात गेलाच नव्हता."

"मग हे तेल काय उन्हाने करपलं?"

तिने दादाकडे पाहिलं. दादाने पाना पुसायला घेतला. पाना स्वच्छच होता.

"मीच नीट पाहिलं नसेल," ती शेवटी हळूच म्हणाली. "शेवटी शेवटी नुसता रस्ताच दिसत होता मला."

दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी स्वतःच्या डोळ्यांना खोटं पाडत होती, कारण भावाच्या हातावर शंका घ्यायचं तिच्या मनातच येत नव्हतं. त्याने बॉनेटखाली हात घातला. पाइप अजून चटका देत होता. त्याने सेन्सर काढला आणि मालकाच्या पुढ्यात ठेवला.

"तिने बरोबर पाहिलं. हा मी कूलरच्या पलीकडे बसवला होता."

"चुकून?" मालकाने वाट करून दिली.

"नाही. काटा चांगला दिसावा म्हणून."

त्यावर मालक बरंच काही बोलला. दादाचं लक्ष बहिणीकडे होतं. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सकाळी आईला फोटो पाठवला होता मी," ती म्हणाली. "काट्याचा. म्हटलं, बघ दादाचं इंजिन."

आणि हेल्मेट उचलून ती बाहेर गेली.

तो फोटो दादाच्या फोनमध्येही होता. आईने कौतुकाने त्याला पुढे पाठवला होता. त्याखाली त्याने सकाळीच उत्तर टाकलं होतं, "आहेच मुळी तसं."