मोटारीसाठी गाळलेली दारू

सन एकोणीसशे सव्वीसच्या उळवी जत्रेहून खानापूरची सहा माणसं घेऊन परतणारी परशूची मोटार जंगलात थांबली. दगड लागून टाकीला भोक पडलं होतं. परशूनं साबण लिंपून ते बुजवलं, पण तोवर बरंच पेट्रोल मातीत गेलं होतं. उरलेल्यात पेट्रोल मिळणारं लोंढा गाव गाठणं शक्य नव्हतं.

लढाईत फौजेच्या मोटारी चालवताना एका मिस्त्रीनं त्याला पेट्रोलात कडक दारू मिसळून दाखवली होती. जवळच्या कुणबी वाडीत पुतळी चोरून गुळाची दारू गाळते, असं कळल्यावर तो तिच्या दारात गेला.

"आक्का, दारू पायजे. मोटारीला."

"मी गाळत न्हाई." आबकारीवाल्यांनी तिची भांडी एकदा फोडली होती. मग परशूबरोबर येऊन सावलीत टेकलेल्या, मोटारीतल्या म्हाताऱ्या अनुसयाकडं बघून ती म्हणाली, "माझं नाव कुठं काढणार न्हाईस न्हवं?"

"न्हाई काढणार."

तिनं दिलेली दारू परशूनं बाटलीत पेट्रोलाबरोबर हलवली. दोन्ही वेगळी झाली.

"पाणी हाय हिच्यात. इंजिन बंद पडंल."

"मग परत गाळू."

तिनं ती आणखी दोनदा गाळली, रात्रभर पाणी शोषणाऱ्या कळीच्या चुन्यात ठेवली आणि सकाळी पुन्हा गाळली. आता बाटलीत थर पडेना.

ती टाकीत ओतली, पण थंड इंजिन धरेना. कढत पाण्यात भिजवलेली फडकी इंजिनावर टाकल्यावर ते चालू झालं. चढाला नेहमीची खडखड नव्हती, धूरही पातळ. पण टाकी भराभर उतरत होती.

आबकारी नाक्यावर शिपायानं नाक वर केलं. सगळ्यांची तोंडं हुंगली. शेवटी तो मोटारीच्या मागं गेला.

"ही प्यालीय काय?"

"व्हय. मीच पाजली," परशू म्हणाला.

"कुणाकडनं घेतलीस?"

परशू टाकीचं झाकण फडक्यानं पुसायला लागला. शिपाई अनुसयाकडं वळला.

"जत्रेच्या गर्दीत कोण कुणाला नाव इचारतंय, बाबा?" ती म्हणाली.

शिपायानं टाकीतलं वाटीभर काढून काडी लावली. ते भक्कन पेटलं. पेट्रोलात मिसळलेली दारू कागदावर काय म्हणून लिहावी, ते त्याला कळेना. दुपार उलटल्यावर त्यानं त्यांना सोडलं.

लोंढा मैलभर राहिला असताना टाकी कोरडी पडली. परशू खाली उतरला. सगळे उतरून मोटार ढकलायला लागले. अनुसयाही, एक हात लावून.