पोटचं की दत्तक

अर्जात एक चौकट होती: मूल पोटचं की दत्तक? तेविताने बेधडक ‘पोटचं’वर खूण केली होती.

“आठ वर्षं आपणच वाढवली ना तिला?” न्यूझीलंडच्या इमिग्रेशन कचेरीकडे गाडी हाकताना तो बायकोला, लेसिएलीला, म्हणाला. “विचारलंच तर सांग, टोंगात, वावाऊ बेटावरच्या इस्पितळात बाळंत झाले. जास्त बोलू नकोस.”

 ही मुलगी, सेइनी, लेसिएलीच्या थोरल्या बहिणीची, कालोलाइनीची, पाचवी लेक. लेसिएलीला मूल होत नाही म्हटल्यावर बहिणीने बारा दिवसांची पोर तिच्या ओटीत घातली होती. टोंगात याचा कागद कोण मागतो? पण इथे न्यूझीलंडमध्ये कायमचं राहायचं, तर कागदच हवा. अर्ज करू देण्यासाठी सरकार दरवर्षी काढतं त्या सोडतीत त्यांचं नाव लागायलाच सहा वर्षं गेली होती.

अधिकारी बाईंनी दोन कागद शेजारी ठेवले. “अर्जात मुलगी पोटची लिहिलीय. अर्जासाठीच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांना मात्र तुम्ही सांगितलंत, बाळंतपण एकही नाही. खरं काय?”

 डॉक्टरांनी विचारलं तेव्हा लेसिएली सहज बोलून गेली होती. टेबलाखाली तेविताने तिचं मनगट आवळलं.

“डॉक्टरांना सांगितलं ते खरं,” ती म्हणाली. “जन्म बहिणीने दिला. पण मुलगी माझी आहे.”

बाई बराच वेळ लिहीत राहिल्या. “खोटं लिहिल्याची नोंद होणार. टोंगाच्या कोर्टातून दत्तकाचा हुकूम आणा. तोवर तिघांचाही अर्ज थांबला.”

“घालवलंस सगळं!” तेविता गाडीत ओरडला.

“आणि मागाहून पकडलं असतं तर? सेइनीला कुठे पाठवली असती त्यांनी?”

त्याने गाडी सुरू केली.

संध्याकाळी तिने बहिणीला फोन लावला. “ताई, तुला जज्जासमोर सांगावं लागेल, की मुलगी आता तुझी नाही.”



“हे मला आजवर कुणी तोंडाने बोलायला लावलं नव्हतं गं,” कालोलाइनी म्हणाली. “पुढच्या बोटीने राजधानीला जाते, कोर्टात.”

कोर्टाची तारीख दोनदा पुढे गेली, मग दत्तकाचा हुकूम मिळाला. पाचव्या महिन्यात इमिग्रेशनचं पत्र आलं. तेविताने पाकीट फोडलं आणि न वाचताच लेसिएलीच्या हाती दिलं. कायम राहण्याच्या परवान्यावर तीन नावं होती.

लेसिएलीने आधी बहिणीला कळवलं. दोघींना रडू आवरेना.

“पोरगी आहे का जवळ?” कालोलाइनीने विचारलं.

सेइनी फोन घेऊन शाळेतल्या पोहण्याच्या शर्यतीबद्दल सांगत बसली. लेसिएलीने दार ओढून घेतलं आणि त्या दोघींना बोलू दिलं.