दही खायचं असतं

मित्रांनो, आणि मैत्रिणींनो तर आधी, मी दह्याची मडकी. जुनी, काळी, काठाचा एक टवका उडालेली. मडक्यांनी थंड असावं म्हणतात. मी आज थंड नाही. मला राग आलेला आहे, आणि तो ओकल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्म सिन्नरकडच्या एका कुंभाराच्या अंगणातला. चाकावर गरगर फिरले, थापीचा मार खाल्ला, आव्यात भाजून निघाले. चांदवडच्या बाजारात नवसाबाईंनी मला टिचकी मारली, कानाशी धरलं आणि म्हणाल्या, "ही बोलती." आणि मला पदराखाली धरून घरी नेलं.

ते दिवस काय सांगू! माझ्यातलं दही सुरीनं कापावं असं लागायचं. जास्तीचं पाणी माझी माती पिऊन टाकायची ना! गावात सप्ताह बसला की काल्याचं दही माझ्यातलंच. बुवा काल्याचं कीर्तन रंगवायचे, टाळ थांबले की लाह्यांत दही कालवलं जायचं, आणि बुवा तोंडात घास असतानाच विचारायचे, "हे दही कुणाघरचं हो?" नवसाबाई लाजून मान खाली घालायच्या. मी मात्र लाजले नाही. मी फुगले.

नवसाबाईंचा एक नियम होता. मला साबण लावायचा नाही. कुणी घासायला घेतलं की ओरडायच्या, "माती साबण पिती गं! मग विरजण मरतं. कढत पाणी आन ऊन, बास."

पुढे मुलगा दीपक नोकरीला लागला, नाशकात इंदिरानगरला फ्लॅट झाला, आणि आम्ही सगळे इकडे आलो. इथे दही पिशवीतून येतं. माझ्यात कपड्यांचे चिमटे भरले आणि मला ओट्याखाली सरकवलं. सप्ताहातली मी, चिमट्यांची झाले. पण मित्रांनो, माझा राग त्याचा नाही. राग पुढचा आहे.

दीपकची बायको उज्वला सिन्नरच्या एका कारखान्यात कामाला आहे. दिवसभर जाड, घामट गणवेश, त्याखाली अंगाला चिकटलेली नायलॉनची चड्डी, आणि कामाच्या दर मधल्या सुट्टीत पाकासारखा गोड चहा. हसरी बाई. पण यंदा उन्हाळ्यात तिचं हसू आटलं. बसली की चुळबूळ, उठली की तोंड वाकडं. देवळात कीर्तन असलं की पहिल्या रांगेत बसणारी ती, आता दारातूनच परत फिरायची. मांडी घालून बसवतच नव्हतं तिला.

दीपकला तिनं एकदा सांगून पाहिलं. तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "बायकांचं काहीतरी असेल. आईला विचार ना."

औषधाच्या दुकानात गेली, तर तिथं चार पुरुष उभे. "खाजेचं मलम द्या," एवढंच म्हणाली. कुठली खाज, हे त्यानं विचारलं नाही, हिनं सांगितलं नाही. गजकर्णाचं मलम घेऊन आली आणि आणखी भाजून निघाली.

शेवटी एका संध्याकाळी ओट्याशी उभी राहून ती सासूला म्हणाली, "आई, मला ते... तिकडं... त्रास होतोय. खालती. पांढरं जातंय."

नवसाबाईंनी आधी मागं वळून पाहिलं, कुणी ऐकत नाही ना. घरात तर कुणीच नव्हतं! मग कुजबुजत म्हणाल्या, "उष्णता झाली तुला. लय चहा ढोसती. साखर बंद कर आन रोज दही लाव. ताजं. मडकी काढ ती खालची."

मला चिमट्यांतून बाहेर काढलं, कढत पाण्यानं धुतलं, उन्हात ठेवलं. माझा आनंद काय वर्णावा! दूध आलं, विरजण आलं, सकाळी माझ्यात दही घट्ट बसलं. वाटलं, पुन्हा माझे दिवस आले.

उज्वलानं वाटीत दही काढलं. आणि वाटी घेऊन ती न्हाणीघरात गेली.

ताटावर नाही, मित्रांनो. न्हाणीघरात.

नवसाबाई म्हणाल्या होत्या दही लाव, म्हणजे विरजण घाल, रोज ताजं कर आणि खा. हिनं ऐकलं दही लाव, म्हणजे मलमासारखं लाव! विचारायची लाज वाटली, म्हणून फोनमध्ये शोधलं. तिथं गळ्यात माइक अडकवलेली एक बाई हसत सांगत होती, दही लावा, लसणाची पाकळी आत ठेवा, शंभर टक्के गुण. त्या बाईला माझ्यासमोर आणा कुणी! मी फुटले तरी चालेल, पण तिच्या पायावर पडून फुटेन.

उज्वलानं दही लावलं, लसूण ठेवला, वर सुगंधी साबणानं आतपर्यंत धुतलं. दोन-तीन दिवस तेच. मग एके सकाळी न्हाणीघरातून असा हुंदका आला की माझ्यातलं दही हललं. लघवीला बसली होती बिचारी, आणि जखमेवर तिखट पडावं तशी आग झाली होती.

नवसाबाई धावल्या. त्यांना मोरीत वाटी दिसली.

"ही वाटी हितं काय करती?"

"तुम्हीच म्हणालात ना, दही लाव."

"अगं बये! विरजण लाव म्हणले मी! खायाला!"

 मग उज्वलाला हसू फुटलं आणि त्या हसण्यातूनच रडू. नवसाबाई चिडल्या, "तोंड नव्हतं का विचारायला?"

"आणि तुम्हाला नव्हतं का नीट सांगायला?" उज्वला पहिल्यांदाच सासूवर आवाज चढवून बोलली. "तिकडं, खालती, ते! शरीराला नाव नाही का आपल्या?"

नवसाबाईंनी पदर खोचला. त्यांनी मला पिशवीत घातलं, दीपकला कामावर फोन लावला, "मुकाट्यानं घरी ये," म्हणाल्या, आणि सुनेला डॉक्टर जहिदाबाईंच्या दवाखान्यात नेलं.

पिशवीतून मला टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, "ह्या दह्यानं झालं का, बघा."

डॉक्टरांनी आधी उज्वलाला तपासलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मावशी, दही बिचारं खायचं असतं. उज्वलाताई, ही बुरशी आहे. योनीत ती थोडी असतेच, पण वाढली की खाज, आग, दह्याच्या गुठळ्यांसारखा पांढरा स्राव. तुमच्या अंगातही एक विरजण असतं. चांगले जंतू. ते या बुरशीला दाबून ठेवतात. तुम्ही सुगंधी साबणानं त्यांनाच धुऊन काढलंत."

नवसाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. साबणापासून मला जपलं होतं त्यांनी, सुनेला सांगायचं राहिलं होतं.

"हे आधी झालं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

उज्वलानं मान खाली घातली. "वर्षभरात बऱ्याचदा. येतं, जातं."

डॉक्टरांनी बोटाला सुई टोचून साखर पाहिली. आकडा बघून त्यांचं हसू गेलं. दीपक तेवढ्यात धापा टाकत आला आणि दाराबाहेरच्या बाकावर बसायला लागला. डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही आत या. बायकांचं काही नाही, तुमच्या घरचं आहे. यांना मधुमेह दिसतोय. उद्या उपाशीपोटी रक्त तपासून पक्कं करू. पुन्हा पुन्हा बुरशी वाढते म्हणजे शरीर ओरडून सांगत होतं. कुणी ऐकलं नाही."

वर्षभर! अरे, वर्षभर त्या बाईचं रक्त गोड होत होतं आणि घर कुजबुजत होतं. बुवा कीर्तनात सांगतात, देह देवाचं देऊळ. सगळे माना डोलावतात. मग त्या देवळाच्या एकाच खोलीला कुलूप का लावता रे?

औषध मिळालं. "बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं. सुती चड्डी, घामाचे कपडे लगेच बदलायचे, बाहेरून फक्त साधं पाणी, आत काहीही नाही. चहातली साखर, बिस्किटं कमी. दही, ताक, भाकरी, पालेभाजी खुशाल खा, पण दही खाऊन हे बरं होईल अशी आशा धरू नका. आहार आहाराच्या जागी, औषध औषधाच्या.

आता माझ्यात रोज दही लागतं. उज्वला ते ताटात वाढून घेते. दीपकनं स्वतःच्या चहातली साखरही कमी केली आहे, तोंड कडू करून का होईना.

परवा दुपारी भजनाच्या बायका घरी जमल्या होत्या. शेजारच्या सरुबाई नवसाबाईंच्या कानाशी लागल्या, "नवसाबाई, माझ्या लेकीला ते झालंय... उष्णता. काय बांधू, काय लावू?"

नवसाबाईंनी टाळ खाली ठेवले. आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सरुबाई, योनीला खाज सुटली असं म्हणा! कान आमचे विटाळत नाय. लेकीला आजच्या आज डॉक्टरकडं न्या, आन साखर तपासा."

 मग कोपऱ्यातून एकीचा बारीक आवाज आला, "मला पण होतं हो." मग दुसरीचा. उज्वला उठली आणि डॉक्टरांचा पत्ता सांगू लागली.

मित्रांनो, मला जपलं नाहीत तरी मी रुसणार नाही. मी फुटले तर बाजारात दुसरी मडकी मिळेल, तिच्यातही दही लागेल. पण घरात एखादी बाई दारातून परत फिरत असेल, बसताना तोंड वाकडं करत असेल, तर तिला विचारा. नाव घेऊन विचारा. कुजबुजू नका.