उतरलेले टायर

सकाळी सव्वानऊला काकांनी दुकानाचं शटर वर केलं, स्टूल बाहेर ओढलं आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला फैलावर घेतलं.

"साहेब, या टायरांवर तुम्ही पोरांना बसवून फिरता? जिवावर उदार झालात की काय?"

गिऱ्हाईक बँकेतला कारकून होता. बिचारा ओशाळला. "पण काका, नक्षी तर चांगली खोल आहे अजून. आमची गाडी फिरतेच कुठे? आठवड्यातून एकदा."

"इथंच तर सगळे फसतात!" काका गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले आणि टायरच्या कडेवर ठसवलेल्या चार आकड्यांवर त्यांनी बोट ठेवलं. "हे पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा ते. पुढचे दोन म्हणजे साल. टायरची जन्मतारीख आहे ही. रबर नुसतं उभं राहिलं तरी म्हातारं होतं, साहेब. पाच वर्षं झाली की दरवर्षी दाखवून घ्यायचं. दहा झाली की नक्षी गेली खड्ड्यात, टायर काढून टाकायचा. आता इथं नख दाबा. दिसल्या भेगा?"

कारकुनाला भेगा दिसल्या. तासाभरानं तो नव्या टायरांवर घरी गेला आणि जाताना काकांचे आभार मानून गेला.

त्या चौकात कुणालाही विचारा, टायरवाले काका म्हणजे सरळ माणूस. नको असलेला माल कुणाच्या गळ्यात मारायचे नाहीत, आणि नुसती हवा भरायला आलेल्यालाही चार शब्द सुनावल्याशिवाय सोडायचे नाहीत. तीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाशी लबाडी केली नव्हती. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, काय नालायक माणूस हा! तसं म्हणून मोकळं व्हायची सोय मला ठेवायची नाही.

दुकानाच्या मागेच त्यांचं घर. घरात काका, काकू, धाकटा मुलगा, मोठी सून आणि तिची आठ वर्षांची मुलगी. मोठा मुलगा चार वर्षांपूर्वी आजारपणात गेला. शाळेच्या मुलांची ने-आण करायची व्हॅन होती त्याची. तो गेल्यावर दीड महिन्यानं सुनेनं खुंटीवरची किल्ली उचलली. "बाईमाणसाला झेपणार का?" असं विचारणारे शेजारीच वर्षभरात आपली पोरं तिच्या व्हॅनमध्ये बसवू लागले. स्वतःची धरून नऊ मुलं होती. त्यांतली सगळ्यांत बोलकी म्हणजे टेलरमास्तरांची मुलगी. पार दारात उतरेपर्यंत तिचं तोंड मिटायचं नाही, म्हणून सगळे तिला टकळीच म्हणत.

आता त्या घरची रीत सांगतो. ती कुणी मुद्दाम घालून दिलेली नव्हती, पण कधी मोडलीही नव्हती. कोरे टायर नेहमी धाकट्याच्या गाडीला. त्याची मोठ्या लोकांत उठबस ना! दोन-अडीच वर्षांनी ते उतरले की काकांच्या गाडीला. काकांच्या गाडीचे उतरले की सुनेच्या व्हॅनला. तिन्ही गाड्यांचं चाक एकाच मापाचं होतं. धाकट्यानं गाडी घेतली तेव्हा काकांनी तेवढं बरं बघून घेतलं होतं. बाकीच्या वस्तूही याच वाटेनं जायच्या. पंखा घरघरायला लागला की तो सुनेच्या खोलीत. गादी खचली की ती नातीच्या अंगाखाली. "तिला चालतं," असं काकू म्हणायच्या. तिला चालतं का, हे तिला एकदाही कुणी विचारलं नव्हतं. नवरा नसलेल्या बाईला कोरं कशाला हवं, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. पण ते तोंडानं कुणी बोललं नाही. बोललं असतं तर निदान लाज तरी वाटली असती.

कारकून येऊन गेला त्याच्या चार महिने आधी व्हॅनचे मागचे दोन्ही टायर पार तुळतुळीत झाले होते. काकांच्या गाडीचे उतरायला अजून अवकाश होता. तेव्हा काकांना दुकानाच्या माळ्यावरची एक जोडी आठवली. कधी न विकली गेलेली, सामानाच्या मागे राहून गेलेली. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकानं तीच जोडी मागितली होती, तेव्हा काकांनी हात जोडून सांगितलं होतं, "नाही हो, ही मी विकणार नाही. जुनी झाली." पण टाकवत मात्र नव्हती. काकांनी ती खाली काढली, धूळ झटकली, वर काळं पॉलिश फिरवलं आणि हाक मारली, "सूनबाई, ये बघू बाहेर! या खेपेला तुला कोरे!"

ती ओल्या हातांनीच धावत आली. नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केस अजून तसेच होते. तिनं त्यांवरून हात फिरवला आणि ती अशी हसली, की चार वर्षांत त्या घरात तिला तसं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. मग हात फिरवता फिरवता तिचं बोट त्या चार आकड्यांवर आलं.

सासऱ्यांचं व्याख्यान तिनं हजार वेळा ऐकलं होतं. अकरा वर्षांपूर्वीचं साल होतं. तिचं लग्नही तेव्हा झालेलं नव्हतं.

"बाबा, हे..."

"काय गं?"

काका पान्यानं नट पिळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. वर पाहायचं टाळलं, असं म्हटलं तर जास्त खरं होईल.

"काही नाही. छान आहेत."

का गप्प बसली ती? डोक्यावरचं छप्पर त्यांचं होतं, मुलीची फी त्यांनी दोनदा भरली होती, आणि "तोंड वर करून बोलते" हे काकूंचं वाक्य तिनं एकदा ऐकलं होतं, ते पुन्हा ऐकायची तिच्यात ताकद नव्हती. शिवाय मनाच्या समजुतीला एक आधारही होता. बाबांना कळत नाही का? तेच तर सगळ्यांना शिकवतात. त्यांनी दिले म्हणजे चालत असतील. असं म्हणून ती रोज नऊ मुलं घेऊन निघत होती, आणि रोज चाकाकडे न बघता दार लावत होती.

कारकून येऊन गेला त्याच दिवशी, भर दुपारी, शाळा सुटल्यावर व्हॅन पाण्याच्या टाकीजवळचा उतार उतरत होती. ऊन मी म्हणत होतं. मागून थडथड आवाज आला. टकळी म्हणाली, "मावशी, आपली गाडी नाचतेय!" मुलं खिदळली. तेवढ्यात स्फोटासारखा आवाज झाला आणि मागचं डावं चाक बसलं.

तिनं ब्रेकवर पाय आदळला नाही, स्टिअरिंग सोडलं नाही. दुसरं कुणी असतं तर व्हॅन उलटलीच असती. व्हॅन घसरत जाऊन भिंतीला डाव्या अंगानं भिडली. आठ मुलांना खरचटलं. डावीकडे दारापाशी टकळी बसलेली होती. तिचा गुडघा चेपला.

काका धावत आले. चाकाभोवती रबराच्या पट्ट्या लोंबत होत्या. त्यांना एका नजरेत सगळं कळलं. गर्दीतून कुणीतरी विचारलं, "काय झालं हो काका?" आणि तीस वर्षं गिऱ्हाइकाशी खरं बोललेला तो माणूस चटकन म्हणाला, "खिळा. रस्त्यात खिळा होता."

काकांचा शब्द! पोलीस चौकीतही खिळाच लिहिला गेला. फाटलेला टायर काकांनी स्वतः उचलून नेला आणि माळ्यावर पोत्यांखाली सरकवला. सुनेनं ते मधल्या दारातून पाहिलं.

पुढचे आठ दिवस सुनेला नको नको झाले. लोक तिला शिव्या देत असते तर तिनं सोसल्या असत्या. पण लोक तिची वाहवा करत होते! "वाघीण आहे हो, काय गाडी सांभाळली!" एका मुलाची आई तर गळ्यात पडून रडली. शाळेनं शाबासकीचं पत्र दिलं. ते तिनं घडी घालून डब्याखाली ठेवलं, आणि त्या डब्याला पुन्हा हात लावला नाही. दवाखान्यात गेली तर टकळी छताकडे बघत पडून होती. डॉक्टर म्हणाले, चालेल ती, पण गुडघा पूर्ण वाकायचा नाही. सून खाटेशी तासभर बसली. टकळी एक शब्द बोलली नाही.

नवव्या दिवशी सकाळी टेलरमास्तर स्कूटर घेऊन दुकानात आले. डोळे जागरणानं लाल, गळ्यात मोजायची टेप तशीच.

"काका, घरात धसका घेतलाय. बायको म्हणते, दवाखान्याच्या फेऱ्या मारायच्या तर आधी काकांना टायर दाखवून या. तुम्ही बरे म्हणालात की आम्हाला झोप लागेल."

काका वाकले. त्यांनी आकडे वाचले, नख दाबलं. सवयीनं हात चालत होता. "दोन वर्षांचे आहेत, मास्तर. काळजी नको."

"पण खिळ्याला काय करायचं हो? तो तर कोऱ्या टायरातही घुसतो."

"घुसतो," काका म्हणाले.

मधल्या दारात सून उभी होती. मास्तरांनी तिच्याकडे बघून हात जोडले. "ताई, तुम्ही होतात म्हणून माझी पोर निदान जिवंत आहे."

ती वळली. माळ्याची शिडी करकरली, पोती खाली पडली. तो फाटका टायर तिनं लोटत बाहेर आणला आणि काकांच्या पायाशी आडवा टाकला.

"बाबा, याचे आकडे वाचा."

"सूनबाई, आत जा."

"मोठ्यानं वाचा. चष्मा आणून देऊ का?"

काकू बाहेर आल्या, धाकटा आला. काकांनी बोट टेकवलं. आठवडा कसाबसा वाचला आणि सालाशी आवाज अडकला. मग मास्तरच खाली बसले. उभा जन्म टेपेवरचे आकडे वाचण्यात गेलेला माणूस तो. त्यांना वेळ लागला नाही.

"अकरा वर्षं," ते म्हणाले. "माझी पोर आठ वर्षांची आहे."

"खिळा नव्हता, मास्तर," सून म्हणाली. "बाबांना माहीत होतं. आणि मलाही माहीत होतं. चार महिने मी गप्प बसले. माझी स्वतःची मुलगी आत बसायची, तरी गप्प बसले. मला हात जोडू नका हो तुम्ही."

"मला यातलं काही माहीत नव्हतं, वहिनी," धाकटा पुटपुटला.

"तुम्हाला माहीत असायची कधी गरजच पडली नाही, भाऊजी."

मास्तर उठले. कुणाला वाटलं ते हात उगारतील. उगारला असता तर काकांना बरं वाटलं असतं. पण त्यांनी स्कूटर स्टँडवरून काढली आणि सुरू न करता ढकलत निघाले. रस्त्याच्या कडेला थांबून त्यांनी मागे पाहिलं.

"काका, गिऱ्हाइकाला तुम्ही असं कधी केलं नसतंत."

एवढंच बोलून ते गेले.

त्याच दुपारी काका चौकीत जाऊन खरं काय ते लिहून देऊन आले. येताना मान इतकी खाली, की नेहमीच्या पानवाल्याची हाक त्यांनी ऐकली नाही. दुकानात शिरले, जॅक उचलला आणि तडक धाकट्याच्या गाडीपाशी जाऊन बसले. जेमतेम वर्षभराचे टायर होते. ते सोडवू लागले.

"हे व्हॅनला लावतो," काका म्हणाले. "आजच्या आज."

"नको," सून म्हणाली.

"अगं, चांगले आहेत. अगदी..."

"चांगले असतील. पण उतरलेलेच ना? उतरलेलं आता मी घेणार नाही, बाबा. टायर नाही, पंखा नाही, काहीच नाही. माझ्या मुलीलाही देणार नाही." ती पुढे म्हणाली, "आणि माझ्यावर उपकार म्हणूनही नको. दुकानातले कोरे द्या, पावती फाडून. माझ्या कमाईतून मी फेडीन. सून म्हणून नका देऊ. गिऱ्हाईक म्हणून द्या."

तीस वर्षं ज्या हातांनी दुसऱ्यांच्या लेकरांचा जीव जपला, ते हात आपल्याच सुनेपुढे आल्यावर काय करून बसले, हे काकांना आता धडधडीत दिसत होतं, आणि डोळे मिटूनही जात नव्हतं.

ते उठले. पुढच्या फळीवरून चार कोरे टायर काढून त्यांनी एकेक तिच्यासमोर उभा केला. गिऱ्हाइकापुढे वाकत तसे वाकले. "हे बघा ताई..." असं म्हणाले. डोळे पुसून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "हे पहिले दोन म्हणजे आठवडा. हे पुढचे दोन म्हणजे साल. याच वर्षीचे आहेत. मी बघितलेत. खात्रीचे आहेत."

पूर्वी काका खात्री म्हणाले की चौकात कुणी खाली वाकून बघत नसे.

सुनेनं पदर खोचला, जमिनीवर गुडघा टेकला आणि चारही टायरांवरचे आकडे एकेक करून स्वतः वाचले.