धरण उडवायला निघालेला रघू

देवराम पेपर मोठ्याने वाचायला लागला की गोमाच्या हॉटेलातली माणसं बोलायची थांबत. भातसानगरच्या धरणावर पहारा करण्यात त्याची सगळी नोकरी गेली होती. कारगिलच्या उन्हाळ्यात वरून हुकूम आला होता की शत्रू धरणावर घाला घालील, डोळ्यांत तेल घालून राहा. तेव्हा हा माणूस घरी धड जेवायलाही गेला नाही. आलं कुणीच नाही. पण सरकार म्हणालं म्हणजे येणार होतंच, आपण जागे होतो म्हणून फिरकलं नाही, असं तो रिटायर झाल्यावरही सांगायचा आणि ऐकणारे माना डोलवायचे.

साल २००३, एप्रिल महिना. मुलुंडला लोकलगाडीत स्फोट होऊन थोडेच दिवस झाले होते आणि तिकडे इराकात लढाई चालली होती. त्या सकाळी पेपरात चक्क भातसा होतं.

"'धरण उडवण्याचा कट उधळला,'" देवरामने वाचलं. "'स्फोटकांसह एक इसम ताब्यात. स्फोटकं हाताळण्याचं प्रशिक्षण घेतलेला असल्याचा संशय.' बघा. मी म्हणत नव्हतो?"

"नाव काय त्याचं?" गोमाने किटली उतरवत विचारलं.

"नाव दिलेलं नाय. अशात नाव देत नायत."

"तिकडं इराकात पण मोठाले बॉम हायेत म्हणत होते. घावला का एकतरी?"

"घावंल रे. एवढी मोठी सरकारं खोटं कशाला बोलतील?"

गोमा चहा ओतायला लागला. देवरामने पेपरची घडी काखेत मारली आणि तो घराकडे निघाला. छाती थोडी फुगली होती, हे त्याचं त्यालाही जाणवत होतं.

ओटीवर त्याची धाकटी बहीण वत्सला बसली होती. तिचं सासर मुरबाडकडे. इतक्या सकाळी ती पोहोचली म्हणजे पहिल्याच एस्टीने निघाली असणार. डोक्यावरचा पदर सुटला होता, पायांत चपला तशाच होत्या.

"दादा, रघूला पोलिसांनी उचललाय," ती म्हणाली.

रघू तिचा नवरा. मुरबाडच्या लडकूशेठकडे तो विहिरींच्या कामावर होता. खोदताना कातळ लागला की त्याला भोकं पाडून सुरुंग लावायचे, हे त्याचं काम. या आठवड्यात धरणाच्या खालच्या अंगाला एका पाड्यावर त्यांची विहीर चालली होती. जिलेटिनच्या कांड्या कमी पडल्या म्हणून तो शेठच्या दुसऱ्या कामावरून आणायला गेला होता आणि धरणाच्या रस्त्याने पिशवी घेऊन चालत येत होता. तिथेच त्याला गाडीत घातलं. बरोबरचा मजूर पळाला आणि त्याने वत्सलेला निरोप दिला.

देवरामला काखेतला पेपर एकदम जड वाटला. त्याने तो काढून ओटीवर ठेवला, उलटा करून.

"बघ वत्सले," तो म्हणाला, "पोलीस उगाच नाय कुणाला धरत. काय तरी बघितलं असंल त्यांनी."

बोलून गेल्यावर त्याला वाटलं, हे आपण बोललो नसतो तर बरं झालं असतं. वत्सला रडली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"तू रघूला किती वरसं बघतोस, दादा?"

"लगीन झाल्यापासनं."

"आणि पेपर लिवणारा बघतो का त्याला?"

दोन वर्षांपूर्वी रघूने देवरामच्याच शेतातल्या विहिरीचा कातळ फोडला होता. वात पेटवायच्या आधी तो सगळं शिवार पालथं घालायचा, हाळ्या द्यायचा. करवंदीच्या जाळीत एक कोंबडी बसलेली दिसली म्हणून तिला हाकलेपर्यंत त्याने अख्खं काम थांबवलं होतं. सगळे हसले होते. आणि हा माणूस म्हणे धरण फोडून खालची गावंच्या गावं बुडवणार.

तो उठला आणि त्याने खुंटीवरची टोपी घेतली.

"चल," तो म्हणाला.

शहापूरच्या पोलीस स्टेशनबाहेर माणसांची गर्दी होती. अतिरेकी बघायला आलेली. मुंबईहून आलेलं पथक आत होतं, त्यामुळे कुणाला दारातही उभं करत नव्हते. धरणावरच्या बंदोबस्ताला येणारा एक म्हातारा हवालदार देवरामला ओळखत होता. त्याने दोघांना चिंचेखाली बाजूला घेतलं.

"उद्या कोर्टात नेणार त्याला. एकदा अतिरेक्यांच्या कलमाखाली आत गेला की मग माझ्या-तुमच्या हातात काय राहत नाय. माल कुणाचा, परवाना कुणाचा?"

"लडकूशेठचा."

"मग त्याला आजच उभा करा इथं. तुमी कितीबी सांगितलंत तरी घरचेच तुमी."

मुरबाडला जायला शेअर जीप मिळाली. वाटभर देवराम मनात मोजत राहिला. आजवर धरल्या गेलेल्या किती माणसांच्या बातम्या त्याने पेपरातून मोठ्याने वाचल्या होत्या. त्यातल्या एकाच्याही बहिणीचा, भावाचा विचार कधी मनात आला नव्हता.

लडकूशेठ घरातच होता. अंगात बनियन, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. पेपर त्यानेही वाचला होता.

"मी येणार नाय, देवराम," तो सरळच म्हणाला. "परवाना हाय माझ्याकडं, सगळं हाय. पण माल चालत न्यायचा नसतो. जीप बिघडली म्हणून मीच त्याला म्हणालो, जा घेऊन. सरकार एकदा अतिरेकी म्हणालं ना, मग आता गेलो तर एकाचे दोन होतील."

"घाबरलायस, ते कळतंय मला."

"तू नाय घाबरलास?"

"घाबरलोय की," देवराम म्हणाला. "शेठ, मी जलमभर सरकारचं खरं मानलं. पण सरकार म्हंजे तिथं बसलेला एक साहेब. त्यानं रस्त्यावर एक माणूस बघितला आणि एक पिशवी बघितली. विहीर कुठं बघितली त्यानं? ज्यांना ठावं हाय ते घरात बसले, तर त्याला सांगणार कोण?"

तेवढ्यात वत्सला उठली. अंगणात शेठची दुरुस्त होऊन आलेली जीप उभी होती. ती मागचं फळकं उघडून आत चढली, पदर खोचून बसली आणि समोर बघत राहिली. आता शेठ आला तरी आणि नाही आला तरी ती तिथून हलणार नव्हती, हे दोघांनाही कळलं. शेठने एक सुस्कारा सोडला आणि बायकोकडे सदरा मागितला.

शहापूरला शेठने परवाना दाखवल्यावर तिघांना आत घेतलं. पथकाचे साहेब वयाने फार मोठे नव्हते. त्यांनी शेठचं सगळं ऐकून घेतलं, उलटसुलट विचारलं, माल पायी का पाठवला म्हणून चांगलंच फैलावर घेतलं. शेठ कबूल होत गेला. तो घामाने भिजला होता, पण त्याचं बोलणं बदललं नाही. मग साहेब खुर्चीत मागे रेलले.

"कालपासून तो एकच बोलतोय," ते म्हणाले. "विहिरीत सुरुंगाची भोकं भरून ठेवलीत, वर नुसत्या काट्या टाकल्यात, पाड्यावरची पोरं तिथं खेळतात, मला सोडू नका पण कुणाला तरी पाठवा. मला वाटलं, आम्हाला कुठेतरी अडकवायचा डाव आहे."

साहेबांनी शेठकडे बघितलं.

"भोकं खरंच आहेत?"

"हायेत, साहेब," शेठ म्हणाला. "निम्मी भरलेली. बाकीच्यांसाठीच माल आणत होता."

साहेब तडक उठले.

ऊन उतरायच्या आत दोन गाड्या पाड्यावर पोहोचल्या. रघूला खाली उतरवलं तेव्हा वत्सलेने त्याला आधी पायांपासून वर बघितलं. एक गाल सुजला होता, बाकी धड होता. तो तिच्याशी बोलला नाही. आधी विहिरीच्या काठावर जाऊन वाकला, काट्या जशा टाकल्या तशाच आहेत हे बघितलं आणि मटकन खाली बसला.

"कुणी गेलं नाय," तो म्हणाला. "बरं झालं. कुणी गेलं नाय."

साहेबही त्याच्या शेजारी वाकले. खाली कातळात ओळीने पाडलेली भोकं होती, घण होता, पहारी होत्या, मजुरांच्या जेवणाचं एक पातेलं होतं. ते बराच वेळ बघत राहिले.

"धरणाचं नाव पेपरवाल्यांना कुणी दिलं?" त्यांनी आपल्याच माणसांना विचारलं. जो तो विहिरीत बघायला लागला.

भरलेला माल तसाच ठेवणं धोक्याचं, म्हणून तो तिथेच उडवायचा ठरला. शेठच्या देखत, साहेबांच्या परवानगीने, आणि रघूच्याच हाताने. रघूने पाडाभर फिरून हाळ्या दिल्या, पोरं मोजून घरात घातली, पोलिसांनाही लांब झाडामागे उभं केलं. साहेबांनी निमूटपणे कानात बोटं घातली. जमीन हादरली, धुळीचा लोट उठला आणि विहिरीतून दगड वर येऊन पुन्हा आतच कोसळले. लांब धरणाची भिंत उन्हात होती तशी उभी होती. देवरामने उगाचच तिकडे एकदा बघून घेतलं आणि त्याला हसू फुटलं. वत्सलाही हसायला लागली आणि हसता हसता रडली.

जबाबावर सह्या करून रघूला त्याच संध्याकाळी सोडलं. शेठला माल तसा पाठवल्याबद्दल दंड होणार होता. त्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. उलट जीपमधून सगळ्यांना देवरामच्या घरी आणून सोडलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात काहीच नव्हतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नव्हतं. गोमाच्या हॉटेलात कुणीतरी विचारलंच, "त्या धरणवाल्याचं पुढं काय झालं?"

"तो माझ्या बहिणीचा नवरा," देवराम म्हणाला. "विहीर खोदत होता."

मग त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. आपण हाच पेपर इथे बसून कसा वाचला होता, तेही सांगितलं. गोमाने न विचारता त्याच्यापुढे दुसरा चहा ठेवला.

"म्हंजे सरकार खोटं बोललं," एकजण म्हणाला.

"सरकारला ठावंच नव्हतं," देवराम म्हणाला. "आणि ठावं नसताना बोललं. ठावं झाल्यावर मात्र गप बसलं."

गालाची सूज उतरेपर्यंत रघू देवरामकडेच राहिला. मग एका सकाळी देवराम दोघांना एस्टीवर पोहोचवायला गेला. वत्सला खिडकीशी बसली. गाडी हलायच्या आधीच रघूचा डोळा लागला आणि त्याचं डोकं तिच्या खांद्यावर कललं. तिने ते तसंच राहू दिलं आणि खिडकीतून भावाला हात केला.

गाडी वळणाआड गेल्यावर देवरामला कडकडून भूक लागली. घरी जाऊन तो पानावर बसला. बायको वाढत राहिली आणि तो पोटभर जेवला.